तीन पिकांचा नियम: युरोपातल्या शेतकऱ्याला शिस्त, की नुसती आकडेमोड?

हाइडवासी

नमस्कार मंडळी. मी उत्तर जर्मनीत ल्युनेबुर्गर हाइडच्या कडेला एका छोट्या गावात राहतो. नोकरी संगणकाची, पण मागचं कुंपण संपलं की शेती सुरू. जमीन वाळूची. बटाटा, शुगरबीट, माल्टची बार्ली आणि राय (गव्हाच्या गोतातलं धान्य, आपली मोहरी नव्हे).

शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडून गेलेत, तरी ट्रॅक्टर सोडत नाहीत. परवा भेटले तेव्हा युरोपीय संघाच्या अनुदानाच्या अर्जावरून तणतणत होते. कुठल्या तुकड्यात कुठलं पीक, मागच्या वर्षी तिथं काय होतं, त्याच्या आदल्या वर्षी काय, सगळं भरून द्यायचं. "माझ्या बापाला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याची जमीन माझ्यापेक्षा बरी होती," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. पिढ्यानपिढ्या कसणाऱ्याला ब्रुसेल्समधल्या साहेबानं पेरणी शिकवायची म्हणजे जरा अतीच.

जाणकारांना तीन प्रश्न:
हा 'तीन पिकांचा नियम' नक्की आहे तरी काय? त्यानं जमिनीचं काही भलं झालं का? आणि याच आजोबांच्या एका तुकड्यात मी सलग तिसऱ्या वर्षी राय बघतोय, त्यावर कुणी काही म्हटलेलं नाही. हे कसं चालतं? तिकडेही 'ओळख' चालते की काय?

---

चहाबाज

वाचतोय. मक्याच्या लाह्या घेऊन बसलोय. एकच पीक आहे, दंड होईल का?

---

मोजणीदार

हाइडवासी, माझं काम उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं ओळखण्याचं आहे (नेदरलंड्स), म्हणून लिहितो. जरा लांबेल.

आधी जुना नियम, कारण सगळे अजून त्याच्याच नावानं बोटं मोडतात. २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या सामायिक कृषी धोरणात सुधारणा झाली आणि २०१५ पासून 'ग्रीनिंग' आलं. शेतकऱ्याला हेक्टरी जे थेट अनुदान मिळतं, त्याच्या एकूण रकमेतला ३० टक्के हिस्सा तीन अटींना बांधला. कायम गवताळ जमीन मोडायची नाही. १५ हेक्टरांच्या वर लागवडीची जमीन असेल तर ५ टक्के निसर्गासाठी राखायची. आणि तिसरी अट पीक-विविधतेची.

ती अशी. लागवडीची जमीन १० हेक्टरांच्या आत असेल तर काही नाही. १० ते ३० असेल तर किमान दोन पिकं, आणि मुख्य पीक ७५ टक्क्यांच्या वर नको. ३० च्या वर असेल तर किमान तीन पिकं, मुख्य पीक ७५ च्या आत आणि पहिली दोन मिळून ९५ च्या आत. सेंद्रिय शेती करणारे आपोआप पास. फिनलंड-स्वीडनमध्ये ६२ अक्षांशाच्या उत्तरेला दोन पिकांवर भागायचं, कारण तिथं तिसरं काही पिकवायचं म्हटलं तर उन्हाळाच पुरत नाही.

उदाहरण घ्या. ४० हेक्टरांचा, म्हणजे आपल्या शंभर एकरांचा शेतकरी. गहू जास्तीत जास्त ३० हेक्टर. गहू आणि बार्ली मिळून ३८. उरलेल्या २ हेक्टरांत तिसरं काहीतरी हवंच. सगळी भांडणं या २ हेक्टरांवरून झाली.

आता गंमत. पीक म्हणजे काय, तर सहसा वनस्पतिशास्त्रातला वंश (जीनस) वेगळा हवा. पण हिवाळी वाण आणि वसंतात पेरायचं वाण, वंश एकच असला तरी, वेगळी पिकं धरली जायची. म्हणजे हिवाळी गहू, हिवाळी बार्ली, वसंती बार्ली अशी तिन्ही धान्यं घेतली की नियम पुरा. आणि पडीक ठेवलेली जमीन हेही एक पीकच.

---

टिनपाट

थांबा थांबा. पडीक हे पीक???

आमच्या आत्याच्या चार एकरांत वीस वर्षं हेच पीक आहे. कधी कीड नाही, कधी भाव पडला नाही. तिला कुठं अर्ज करायचा ते सांगा.

---

मोजणीदार

टिनपाट, आत्या १० हेक्टरांच्या आत आहे. तिला माफ.

---

फेनलँडची_सून

मी इंग्लंडात, लिंकनशायरमध्ये. सासरचे ठेक्यावर शेती करून देतात: पेरणी, फवारणी, कापणी, सगळं आपल्या यंत्रांनी. २०१५ ला हिशेब माझ्याकडे होते, त्यामुळे 'थ्री क्रॉप रूल' ही काय चीज आहे ते मला विचारा.

आजूबाजूला ३५-४० हेक्टरांचे बरेच म्हातारे मालक. स्वतः कसत नाहीत, आम्हाला देतात. पूर्वी आम्ही काय करायचो? एकाच्या सगळ्या रानात गहू, दुसऱ्याच्या सगळ्या रानात रेपसीड (मोहरीच्या गोतातलं तेलबियांचं पीक), तिसऱ्याकडे बीन्स. पुढच्या वर्षी फिरवाफिरव. आकाशातून बघितलं तर रंगीत गोधडी, आणि प्रत्येक रानात फेरपालटही व्यवस्थित. पण नियम मोजतो सातबाऱ्यानुसार (आपल्या भाषेत). प्रत्येक मालकाच्या नावावर तीन पिकं हवीत! म्हणजे तिघांच्या तिन्ही शेतांवर तिन्ही पिकांची यंत्रं न्यायची. कम्बाइन (कापणी-मळणीचं यंत्र) अरुंद गल्ल्यांतून, पुढे-मागे दिवे लावलेली गाडी, कटर काढून मागच्या ट्रेलरवर. एक रान झालं की यंत्र आतून फुंकून साफ करायचं, नाहीतर बीन्समध्ये गहू सापडला म्हणून गिरणीवाला भाव पाडतो. डिझेल किती जळालं ते कुठल्याच 'ग्रीन' अहवालात आलं नाही.

आणि ते २ हेक्टर! २ हेक्टरांत बीन्स आले समजा आठ टन. इथं माल उचलायला येणारी लॉरी २९ टनांची. आठ टनांसाठी कोण येतंय? मग शेजाऱ्याच्या मालात मिसळा, नाहीतर गुरांना घाला.

---

सडेतोड

सूनबाईंचं सगळं मान्य. पण एक सांगा, अनुदान घ्यायलाच हवं अशी सक्ती कुणी केली होती? लोकांच्या कराचा पैसा आहे. नको असेल अट तर नका घेऊ पैसे आणि लावा पाहिजे ते. पैसेही हवेत आणि कुणी विचारायलाही नको, हे कुठल्याच देशात चालू नये.

---

फेनलँडची_सून

अट नको असं मी कुठं म्हटलं? अट लावणाऱ्यानं एकदा कम्बाइनवर बसून यावं, एवढंच. (आणि धान्य पिकवणाऱ्या कित्येक शेतांचा वाईट वर्षातला सगळा नफा म्हणजे ते अनुदानच असतं. 'नका घेऊ' म्हणणं सोपं आहे.)

---

काळी_माती

मी वाशीम जिल्ह्यातला. घरची शेती आहे, खताच्या दुकानात बसून लिहितोय.

आमच्याकडं याला बेवड म्हणतात. आधी काय होतं त्यावर पुढचं येतं. हरभऱ्याच्या बेवडावर काहीही टाका, झक्कास येते. हे सांगायला आम्हाला सरकार लागलं नाही. पण खरं सांगायचं तर बेवड माहीत असूनही आता दरवर्षी सोयाबीनवर सोयाबीन चाललंय, कारण पैसा चार महिन्यांत हातात येतो. माहिती असणं आणि करणं यात बाजार बसलेला असतो. त्यामुळे हाइडवासी, तुमच्या आजोबांना सगळं समजतंय हे खरं, पण समजणारा माणूस तसंच वागतो हे काही खरं नाही.

मोजणीदार दादा, एक विचारू? आम्ही सोयाबीनचे चार तास (ओळी) आणि तुरीचे दोन तास असं आंतरपीक घेतो. तिकडच्या हिशेबात ही दोन पिकं की एक? आणि कपाशीत आठ तासांनंतर एक तास तूर असते, तिचं काय?

---

मोजणीदार

वा, हा खरा प्रश्न! आणि याचं उत्तर ग्रीनिंगच्या नियमात चक्क लिहिलेलं होतं.

वेगवेगळ्या ओळींत दोन पिकं एकत्र असतील, तर ज्या पिकानं किमान २५ टक्के जागा व्यापली आहे ते वेगळं पीक धरायचं. आणि मग प्रत्यक्ष वाटणी काहीही असो, क्षेत्र समान भागायचं. तुमच्या चारास दोनमध्ये तूर सहातले दोन तास, म्हणजे ३३ टक्के. पास! सरकारदरबारी तुमचं अर्धं रान सोयाबीन, अर्धं तूर.

कपाशीत आठास एक म्हणजे ११ टक्के. तूर गायब. सगळं रान कपाशी.

आणि बी मिसळून फेकून पेरलं असेल (युरोपात ओट आणि वाटाणा असं चाऱ्यासाठी करतात), तर सगळं मिळून 'मिश्र पीक' नावाचं एकच पीक.

---

काळी_माती

म्हणजे घरच्या डाळीपुरती जी तूर लावतो ती हिशेबात नाही. बायकोला सांगतो, रागवेल.

---

मृद्गंध

मृदाशास्त्रात आहे, म्हणून इथं एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. धाग्यावर दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ चालली आहे. काळी_माती म्हणतात ते बेवड म्हणजे *एकाच तुकड्यात वर्षानुवर्षं* काय आलं ते. २०१५ चा नियम बघत होता *एकाच हंगामात सगळ्या शेतावर* काय आहे ते. त्यात फेरपालटाची अट नव्हतीच!

त्या ४० हेक्टरवाल्यानं तेच ३० हेक्टर दरवर्षी मक्याखाली ठेवले आणि कडेच्या १० मध्ये इतर खेळ केला, तर नियम दरवर्षी पुरा. मातीला मात्र दरवर्षी मका.

याचा परिणाम बघायचा तर मक्याच्या मुळांवरची अळी, वेस्टर्न कॉर्न रूटवर्म. मूळची अमेरिकेची, युरोपात पहिल्यांदा १९९२ मध्ये बेलग्रेडजवळ सापडली आणि मग पसरत गेली. तिचा भुंगा उन्हाळ्यात मक्याच्या रानात जमिनीत अंडी घालतो, ती पुढच्या वसंतात फुटतात. बाहेर आलेल्या अळीला मक्याचं मूळ मिळालं तर ती जगते, नाहीतर उपाशी मरते. म्हणजे एक वर्ष त्या तुकड्यात गहू लावला की काम फत्ते, औषधाचा थेंबही नको. पण त्यासाठी *त्या तुकड्यात* बदल हवा. शेजारच्या २ हेक्टरांत बीन्स असून त्या अळीला काय फरक पडतो?

गव्हाचंही तेच. टेक-ऑल नावाची मूळकूज गव्हावर गहू घेतला की वाढत जाते. मधे एक वर्ष रेपसीड किंवा बीन्स आलं की बुरशी मार खाते आणि पहिल्या गव्हाचा उतारा चांगला येतो.

तेव्हा माझं मत: कल्पना बरोबर, पण मोजायला सोपं होतं ते नियमात घातलं आणि जमिनीला हवं होतं ते राहून गेलं. एका उन्हाळ्यात एकदा येऊन पिकं मोजायची, संपलं. फेरपालट तपासायचा तर तुकड्यातुकड्याची मागची वर्षं धुंडाळावी लागतात.

---

टिनपाट

चावी रस्त्याच्या दिव्याखाली शोधणाऱ्या माणसाची गोष्ट आठवली. हरवली दुसरीकडे, पण उजेड इथंच.

---

सडेतोड

मृद्गंध यांच्याशी सहमत, आणि याला अधिकृत दुजोराही आहे. युरोपीय लेखापरीक्षकांनी (युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्स) २०१७ मध्ये ग्रीनिंगवर अहवाल दिला. वर्षाला १२ अब्ज युरो खर्च, आणि त्यामुळे शेतीची पद्धत बदलली ती संघातल्या साधारण ५ टक्के शेतजमिनीवर. बाकीचे आधीपासून नियमात बसत होते किंवा त्यांना सूट होती. माझी तक्रार शेतकऱ्यावर नाहीच. आधीच करत असलेल्या गोष्टीसाठी पैसे वाटून वर 'हरित' असा शिक्का मारला, तक्रार ती आहे.

---

बांधावरून

सूट किती जणांना होती तेही बघा. २०२० च्या गणनेत संघात ९१ लाखांच्या आसपास शेतं, सरासरी १७.४ हेक्टर, पण जवळपास दोनतृतीयांश शेतं ५ हेक्टरांच्या आत! आपल्याला वाटतं युरोपात सगळे जमीनदार. रोमानियातला शेतकरी आपल्याच जातकुळीचा. महाराष्ट्राची सरासरी २०१५-१६ च्या गणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे इथं हा नियम आणला तर जवळपास अख्खं राज्य माफ.

---

स्त्रासबुर्गी

मक्याचा विषय निघालाच आहे तर अल्सासचा (पूर्व फ्रान्स) हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा बिळात राहणारा प्राणी, सांगितल्याशिवाय राहवत नाही. (हाइडवासी, धागा पळवतेय, माफ करा.)

इथं ऱ्हाइनच्या सपाटीवर मैलोन्‌मैल मका. पूर्वी गहू, लसूणघास, कोबी असं मिश्र रान असायचं आणि त्यात युरोपीय हॅमस्टर बिळं करून राहायचा. मका वाढला तसा हॅमस्टर संपत आला. प्रकरण इतकं गेलं की २०११ मध्ये युरोपीय न्यायालयानं हॅमस्टरचं पुरेसं रक्षण केलं नाही म्हणून फ्रान्सला दोषी ठरवलं!

पुढे स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी प्रयोग केला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्यतः मक्यावर ठेवलेल्या माद्यांना पिल्लं व्हायची आणि त्या ती जिवंत खाऊन टाकायच्या. कारण निघालं ब३ जीवनसत्त्वाची उणीव. ते आहारात घातलं आणि पिल्लं वाचली. माणसांत याच उणिवेनं पेलाग्रा हा आजार होतो, नुसता मका खाऊन जगणाऱ्या गरिबांना व्हायचा.

आता उपरोध ऐका. फ्रान्सनं मका उत्पादकांसाठी ग्रीनिंगमध्ये पळवाट करून घेतली होती. तीन पिकांऐवजी 'समतुल्य पद्धत' म्हणून हिवाळ्यात जमिनीवर आच्छादन-पीक घ्यायचं आणि प्रमाणपत्र मिळवायचं, की मक्यावर मका चालू. लांद (नैऋत्य फ्रान्स) आणि अल्सास दोन्हीकडे त्याचा उपयोग झाला. आच्छादनानं नायट्रेट वाहून जाणं कमी होतं हे खरं आहे, पण हॅमस्टरला त्याचा उपयोग शून्य.

---

अनवट

@स्त्रासबुर्गी, पेलाग्रावरून: दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतही तो दिसायचा. हैदराबादला सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाशी त्याचा संबंध जोडला होता. भाकरीबरोबर डाळ, भाजी हवी ती उगीच नाही.

---

चहाबाज

हॅमस्टरपासून भाकरीपर्यंत पोचलो. आता कुणीतरी ठेच्याची कृती टाका म्हणजे धागा पूर्ण.

---

हाइडवासी

मंडळी, अप्रतिम माहिती. पण ग्रीनिंग आता नाही ना? आजोबा तर आताच्या अर्जावरून चिडलेत. आणि माझी राय राहिलीच.

---

मोजणीदार

बरोबर. २०२३ पासून नवं धोरण आलं, २०२७ पर्यंतचं. ग्रीनिंग गेलं. त्याऐवजी सगळ्या मूळ अनुदानालाच अटी लागल्या, त्यातली सातवी फेरपालटाची. म्हणजे मृद्गंध यांनी दाखवलेली चूक कागदावर तरी दुरुस्त झाली: आता तुकड्यात पीक बदला. म्हणून आजोबांना मागची वर्षं भरावी लागताहेत.

पण लागू होतानाच अडखळलं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, धान्याचे भाव भडकले, आणि २०२३ पुरती फेरपालटाची अट बाजूला ठेवायची मुभा देशांना दिली. गव्हावर गहू घ्या, पण धान्य पिकवा. मग २०२४ च्या हिवाळ्यातली ट्रॅक्टरची आंदोलनं सगळ्यांनी बघितलीच. जर्मनीत ठिणगी शेतीच्या डिझेलची सवलत काढण्यावरून होती, पोलंडमध्ये युक्रेनच्या धान्यावरून, पण रस्त्यावर आल्यावर अर्ज, तपासणी, पडीक जमीन सगळंच बाहेर आलं. मे २०२४ मध्ये नियम बदलला. नव्या धोरणात ४ टक्के जमीन निसर्गासाठी राखायची सक्ती होती, ती गेली. १० हेक्टरांच्या आतल्यांना या अटींची तपासणी आणि दंड दोन्ही माफ. आणि फेरपालटाऐवजी पुन्हा पीक-विविधतेनं भागवायची मुभा देशांना दिली.

म्हणजे फिरून तिथंच आलो, निदान ज्या देशांनी ती मुभा घेतली तिथं. जर्मनीनं फेरपालट ठेवला.

---

मृद्गंध

आणि हाइडवासी, तुमच्या रायचं उत्तर: ओळख वगैरे काही नाही. जर्मनीत एका तुकड्यात तीन वर्षांत किमान दोन वेगळी मुख्य पिकं हवीत, पण रायवर राय घ्यायला नियमातच सूट आहे. तंबाखू आणि बियाण्याच्या मक्यालाही.

कारण राय स्वतःच्याच बेवडावर गव्हापेक्षा कितीतरी बरी टिकते. हाले शहरात युलियुस क्युन यांनी १८७८ मध्ये रायवर राय असा प्रयोग सुरू केला, 'शाश्वत राय' म्हणून प्रसिद्ध आहे, तो अजून चालू आहे. तुमच्याकडच्या वाळूत दुसरं धान्य रायइतकं तगत नाही, त्यामुळे ही सूट शहाणपणाची आहे.

---

सडेतोड

मग इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबॉकच्या रानात १८४३ पासून गव्हावर गहू चाललाय की! त्याचं काय? तिथं जमीन मेली नाही. मग एवढा बाऊ कशाला?

---

मृद्गंध

ब्रॉडबॉकचं उदाहरण नेहमी अर्धंच दिलं जातं. सलग गव्हात मूळकूज पहिली काही वर्षं वाढते आणि मग कमी होते, कारण तिला रोखणारे सूक्ष्मजीव जमिनीत वाढतात. म्हणून गहू येत राहतो. पण त्याच रानाचा काही भाग नंतर फेरपालटात घातला, आणि मधे दुसरं पीक घेऊन आलेला गहू सलग गव्हापेक्षा जास्त उतरतो. येतो आणि परवडतो यात फरक आहे. तणाचं तर विचारूच नका.

---

फेनलँडची_सून

तणाचं मी सांगते. ब्लॅकग्रास! हिवाळी गव्हाबरोबर उगवतं, गव्हाआधी बी सांडतं, आणि तणनाशकाला आता दाद देत नाही. त्यावर इलाज एकच, शरदात पेरायचं नाही, वसंतात पेरायचं. वसंती बार्ली, वसंती बीन्स. माझा नवरा नियमाला शिव्या घालायचा, पण ब्लॅकग्रासनं त्याला तिसरं पीक स्वतःहून घ्यायला लावलं. रेपसीडही बरंच कमी केलं आम्ही. बियाण्याला लावायची निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं २०१३ च्या निर्णयानंतर बंद झाली आणि फ्ली बीटल नावाच्या भुंग्यानं कोवळी रोपं चाळणीसारखी केली.

आमच्याकडे नियमाचा शेवट मात्र पावसानं केला. २०१९-२० च्या हिवाळ्यात रानं पाण्याखाली. शरदातला गहू पेरताच आला नाही. वसंतात जो तो एकच गोष्ट पेरायला धावला, वसंती बार्ली, बियाणं मिळेना. अशात तीन पिकं कुठून आणणार? सरकारनं २०२० पुरती अट उठवली. २०२१ पासून इंग्लंडात ती कायमचीच गेली. ब्रेक्झिट झालेलंच होतं.

---

बांधावरून

मग अट गेल्यावर सगळे परत गव्हावर गहू लावायला लागले का?

---

फेनलँडची_सून

आमच्या पट्ट्यात तरी नाही. पण आम्ही ते तीन मालकांचं गणित लगेच परत लावलं: याच्याकडे सगळा गहू, त्याच्याकडे सगळे बीन्स. कम्बाइन एकदा जातं, एकदा येतं.

---

काळी_माती

तपासणीचं कुणी बोललं नाही. आमच्याकडं २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा चढतो. आधी तलाठी घरबसल्या लिहायचा. रेंज नसली की बांधावर फोन वर धरून उभं राहायचं. तिकडं सगळं उपग्रहावरून का?

---

मोजणीदार

दोन्ही. सेंटिनेल उपग्रह काही दिवसांआड तोच तुकडा बघतात. पीक किती हिरवं झालं, कधी पिवळं पडलं, कधी कापलं, या चढउतारावरून पीक ओळखतात. रेपसीड फुललं की पिवळंधमक, चुकायचं कामच नाही. हिवाळी गहू आणि राय वेगळे करणं अवघड. आणि अरुंद पट्ट्यातलं पीक (तुमचे दोन तास तूर!) उपग्रहाला दिसतच नाही, त्याच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरांचा. मग शेतकऱ्याला निरोप जातो: जागेवर जाऊन मोबाइलवर फोटो काढून पाठवा. हुबेहूब तुमची ई-पीक पाहणी. रेंजची रड इथंही आहे.

पूर्वी तपासनीस ठरावीक काळात यायचे, जर्मनीत १ जून ते १५ जुलै, इंग्लंडात मे-जून. त्या काळात जे उभं ते मोजायचं. आता वर्षभर डोळा असतो. शेतकऱ्यांचा खरा राग मला वाटतं यावर जास्त आहे.

---

अनवट

काठीऐवजी गाजर चालतं का कुठं? हरियाणानं २०२० मध्ये भात सोडून दुसरं काही लावणाऱ्याला एकरी ७००० रुपये जाहीर केले होते, तसं?

---

मोजणीदार

आहे. जर्मनीत ऐच्छिक योजना आहे: किमान पाच मुख्य पिकं, प्रत्येक १० ते ३० टक्के, धान्यं मिळून ६६ टक्क्यांच्या आत, आणि किमान १० टक्के शेंगवर्गीय, म्हणजे बीन्स, वाटाणा, क्लोव्हर, लसूणघास. जो करेल त्याला हेक्टरी वेगळे पैसे, नाही केलं तर मूळ अनुदानाला धक्का नाही. हाइडवासी, आजोबांच्या मुलाला विचारा त्यात आहेत का. बटाटा, बीट, राय, बार्ली अशी चार तर झालीच.

---

हाइडवासी

विचारलं. मुलगा म्हणतो पाचवं शेंगवर्गीयच लागणार, आणि ते विकायचं कुणाला? जवळ घेणारा नाही. शिवाय बीट आणि बटाट्याचे करार आधीच ठरलेले असतात, टक्केवारीत बसवायला ते हलवता येत नाहीत. आजोबांना रायची सूट माहीत होती. त्यांना मी विचारलंच नव्हतं.

---

फेनलँडची_सून

बीन्सच्या बाजाराबद्दल: आमचे चांगले बीन्स इजिप्तला जातात, तिथं न्याहारीला 'फूल' नावाचा बीन्सचा पदार्थ करतात त्यासाठी. पण दाण्याला भुंग्यानं भोक पाडलेलं चालत नाही. भोकवाला माल गुरांच्या खाद्यात, भाव खाली. भोक आहे का ते बघायला मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरून एकेक उलटायचा, तो कार्यक्रम मी केलाय.

---

काळी_माती

ताई, आमच्याकडं तुरीतही तेच. भुंग्याला इजिप्त काय न् वाशीम काय. त्या बीन्सला फवारणी कधी घेता, फुलावर का शेंगेवर?

---

फेनलँडची_सून

पहिल्या शेंगा लागल्या की, आणि सलग दोन दिवस ऊन पडून पारा २० च्या पुढे गेला तरच. फुलावर मधमाश्या असतात, म्हणून संध्याकाळी. नवऱ्याला विचारून नीट लिहिते, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं हॅमस्टर आधीच गर्दी करून बसलेत.